नौपाडा-पाचपाखाडीत भाड्याने घर घेताना: पहिल्या फेरीपासून चावी परत देईपर्यंत

ठाण्यात भाड्याचं घर शोधायला फोन उघडला की आधी घोडबंदर रोडचे टॉवर उगवतात. नौपाडा, घंटाळी, विष्णुनगर, चरई, पाचपाखाडी इथली घरं तिथे फारशी दिसत नाहीत. दिसलीच तर फोटो जुने असतात, नाहीतर घर केव्हाच गेलेलं असतं. इथलं घर रिकामं होणार ही बातमी आधी बिल्डिंगमध्ये, मग गल्लीत आणि मग इस्त्रीवाल्याकडे पोचते. जाहिरातीपर्यंत ती आली तर आली.

म्हणून इथे घर बहुधा ओळखीतून मिळतं. आणि ओळखीतून मिळालं म्हणून कागद ढिले ठेवायचे, ही इथली सगळ्यात नेहमीची चूक. ‘काका ओळखीचे आहेत, करार काय, करू नंतर’ इथून सुरू झालेला मामला डिपॉझिटच्या भांडणावर येऊन थांबतो. पुढच्या पायऱ्या ती चूक टाळण्यासाठीच आहेत. वसंत विहार, उपवन, श्रीरंग, वृंदावन अशा झाडांच्या वसाहतींनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

१. आधी गल्ली ठरवा

नौपाडा-घंटाळीतून स्टेशन चालत गाठता येतं, आणि लोकल पकडणाऱ्यासाठी ही एकच गोष्ट बाकी सगळ्या गैरसोयींवर मात करते. पाचपाखाडी थोडी लांब पडते, पण कचराळी तलावाची फेरी हाताशी आणि महापालिका मुख्यालयही जवळ. उपवन-वसंत विहारला हिरवाई सगळ्यात जास्त, येऊरचा डोंगर समोर. मात्र स्टेशनसाठी टीएमटीची बस किंवा रिक्षा हवीच, आणि सकाळच्या वेळेत अर्ध्या-पाऊण तासाची तयारी ठेवायची.

गल्ली दोनदा बघा: एकदा कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला, एकदा शनिवारी रात्री नऊनंतर. सकाळी शाळेच्या बसगाड्या आणि रिक्षांची कोंडी कळते. रात्री पार्किंग कळतं. उपवनच्या बाजूला येऊरकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाजही कळतो. राम मारुती रोड, गोखले रोड किंवा तलावपाळीच्या अगदी अंगावर घर घेणार असाल तर दिवाळी पहाट आणि गुढीपाडव्याची स्वागतयात्रा तुमच्या खिडकीखालून जाणार हे धरून चाला. ज्यांना आवडतं त्यांना फार आवडतं. त्या सकाळी गाडी मात्र बाहेर काढता येत नाही.

तळमजला बघत असाल तर समोरच्या दुकानदाराला विचारा, ‘पावसात पाणी कुठवर येतं?’ वंदना टॉकीजच्या आसपास दर पावसाळ्यात पाणी साचतं हे ठाणेकरांना पाठ आहे. इतर सखल कोपरे त्या-त्या गल्लीतल्या माणसालाच माहीत असतात.

२. घर शोधायचं कुठे

इस्त्रीवाला, दूधवाला, वॉचमन, पोळी-भाजी केंद्राच्या काकू, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. या पाच जणांना सांगून ठेवा: किती माणसं, कुठे नोकरी, किती भाडं झेपेल, कधीपासून हवं. आपला नंबर चिठ्ठीवर लिहून द्या, ती चिठ्ठी गल्ल्याला चिकटून राहते. इस्टेट एजंटही हवेतच, पण त्याच भागात ज्याचं दुकान आहे असे. घोडबंदरच्या एजंटला घंटाळीतली घरं दाखवता येत नाहीत. तो इथल्याच एजंटला फोन लावणार आणि दलाली दोघांत वाटणार.

दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी मागतात. करार दोन-तीन वर्षांचा असेल तर जास्त मागतात. किती, कधी आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा द्यायची का, हे पहिलं घर बघायच्या आधी बोलून घ्या. घर दाखवण्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा.

एप्रिल-मे-जूनमध्ये शाळांमुळे गर्दी असते. त्यात या भागात पुनर्विकासाची कामं जोरात आहेत. जुनी सोसायटी पाडली की तिथली कुटुंबं त्याच भागात भाड्याने राहायला बघतात आणि त्यांचं भाडं बिल्डर देत असल्यामुळे ती घासाघीस करत नाहीत. तुमची स्पर्धा त्यांच्याशी आहे. म्हणून आसपासची एखादी सोसायटी नुकतीच रिकामी झाली असेल तर महिनाभर थांबलेलं बरं.

‘फक्त कुटुंब’, ‘फक्त शाकाहारी’, ‘बॅचलर नको’ अशा अटी इथे ऐकायला मिळतील. आवडो न आवडो, पहिल्या फोनवरच विचारून घ्या आणि आपलं खरं ते सांगा. मासे खाणाऱ्याने ‘नाही खात’ म्हणून घर घेतलं तर श्रावण संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सगळ्या जिन्याला कळतं.

एक फसवणूक नेहमीची आहे: घरमालक म्हणे लष्करात किंवा परदेशात, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी, आणि घर बघण्याआधी ‘गेट पास’साठी किंवा ‘खातं तपासायला एक रुपया’ म्हणून क्यूआर कोड. पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पाठवायलाच करावा लागतो. फोन ठेवून द्या.

३. घर बघताना

सोबत न्या: पाच मीटरची मापपट्टी, फोनचा चार्जर, टॉर्च. घर दिवसा बघा, आणि शक्य असेल तर पावसात. झाडांमधल्या जुन्या इमारतीचं खरं रूप जुलैमध्ये दिसतं. उन्हाळ्यात बघत असाल तर भिंतींकडून जबाब घ्यावा लागतो.

सुरुवात पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीपासून करा, कारण पावसाचा मारा त्या बाजूने येतो. तळहात भिंतीवर सपाट टेकवा आणि खिडकीच्या चौकटीखाली, मग छताच्या कोपऱ्यात न्या. हाताला गार लागलं, मिठासारखी पांढरी पूड आली किंवा पोपडा निघाला तर ओल आहे. अख्ख्या खोलीचा रंग जुना आणि एकाच चौकोनाचा नवा असेल तर तिथे काय होतं ते सरळ विचारा. कपाटाचं खालचं दार उघडून वास घ्या. बुरशी रंगाखाली लपते, वासात लपत नाही. लाकडी चौकटीवर बोटाने टिचकी मारा. पोकळ आवाज आला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. झाड भिंतीला लागून असलेल्या खालच्या मजल्यांवर हे फार.

सगळ्यात वरचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन या. गच्चीला कुलूप असेल तर चावी मागा. पत्र्याची शेड आहे का, पावसाची पन्हाळी पानांनी तुंबली आहे का, टाकीभोवती शेवाळ आहे का, ते बघा. पानं तुंबली की पाणी साचतं आणि ते तुमच्या छतातून उतरतं.

पाण्याची वेळ विचारा आणि त्या वेळी नळ सोडून बघा. जुन्या सोसायट्यांत महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं, मोटरने वर चढतं आणि मग ठरावीक वेळी सुटतं. किती वाजता, किती वेळ, दोन्ही वेळा का? १५ लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर ठीक. चार मिनिटं लागली तर सकाळी अंघोळ आणि भांडी एकाच वेळी होणार नाहीत. वरच्या मजल्यावर दाब कमी असतो. घरात स्वतःची साठवणीची टाकी आहे का, किती लिटरची, हेही बघा, कारण दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा अधूनमधून २४ तास बंद असतो आणि दुसऱ्या दिवशीही पाणी कमी दाबानेच येतं. चार माणसांना ३०० लिटरची टाकी असली तर निभावतं.

वीज: मालकाकडून महावितरणचं शेवटचं बिल मागा. त्यावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॅटच असतो. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट खातो, गिझर दोन. दोन्ही एकदम लावले की एमसीबी पडणार. भार वाढवायचा अर्ज मालकाच्या नावाने जातो, तेव्हा गरज असेल तर ही बोलणी करारापूर्वी करा. प्रत्येक प्लगमध्ये चार्जर घालून बघा. एसी आणि गिझरसाठी मोठा, १६ अँपियरचा प्लग वेगळ्या वायरवर आहे का, ते विचारा.

झाडाची सावली उन्हाळ्यात सोन्यासारखी. पण फांदी खिडकीला टेकत असेल तर पंखा-दिवा दिवसाही लावावा लागतो, डिशला सिग्नल मिळत नाही आणि संध्याकाळी डास असतात. फांदी परस्पर छाटायची नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते, आणि अर्ज सोसायटीने करायचा असतो. पावसाआधी छाटणी झाली होती का, हे सेक्रेटरींना विचारा. उपवन-वसंत विहारकडे माकडं येतात. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी नसेल तर ती बसवून मागा, नाहीतर पोळ्यांचा डबा त्यांचा.

शेवटी मोजमाप. जिन्याची रुंदी, वळणावरची जागा आणि दाराची चौकट मोजा. लिफ्ट नसलेल्या तिमजली इमारतीत तीन फुटी जिन्यातून तीन दारांचं कपाट वळत नाही. ते खोलून न्यावं लागतं, आणि जुनं प्लायवूड पुन्हा जोडताना धड बसत नाही.

४. इमारतीची तब्येत आणि पुनर्विकास

ठाणे महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. चार वर्ग असतात: सी-१ अतिधोकादायक, रिकामी करायची, सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ दुरुस्ती. सी-१ आणि सी-२ए मध्ये भाडं कितीही कमी असो, जाऊ नका. सी-२बी असेल तर दुरुस्ती कधी आणि कोणत्या बाजूला, ते विचारा. बांबूच्या परांच्या लागल्या की चार-सहा महिने खिडक्या बंदच. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं.

दुसरा प्रश्न सेक्रेटरींना, मालकाला नव्हे: ‘रिडेव्हलपमेंट कुठवर आलंय?’ नुसती सभांमध्ये चर्चा असेल तर काही वर्षं सहज जातात. सल्लागार नेमून निविदा मागवल्या असतील तर सावध. बिल्डरबरोबर करार झाला असेल तर तुमच्या हातात महिनेच आहेत. घर रिकामं होताना बिल्डरचं भाडं आणि इतर रक्कम मालकाला मिळते. लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर) राहणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. म्हणून अशा इमारतीत जायचंच असेल तर करारात लिहून घ्या: पुनर्विकासामुळे मुदतीआधी घर सोडावं लागलं तर दोन महिन्यांची नोटीस आणि त्याच दिवशी पूर्ण डिपॉझिट.

५. मालक खरोखर मालक आहे का

या प्रश्नाला लाजू नका. ओळखीच्या काकांनाही हे विचारता येतं: ‘काका, करारासाठी एजंटने मागितलंय’ म्हटलं की झालं. बघायचे कागद हे:

मालकाच्या खरेदीखताची सूची २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा) किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ताजी मेंटेनन्स पावती, मालमत्ता कराचं बिल, वीज बिल, मालकाचं आधार आणि पॅन.

नावं जुळवा. शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं असतील तर करारावर दोघांच्या सह्या हव्यात. मालक वारले असतील आणि घर अजून त्यांच्याच नावावर असेल तर वारसांपैकी एकाने एकट्याने केलेला करार पुढे त्रासाचा ठरतो, कारण भावंडांचं पटत नसेल तर दुसरा भाऊ दारात येतो. मालक परदेशात असेल तर इथे सही करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र हवं, आणि त्यात घर भाड्याने देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. मेंटेनन्स अनेक महिन्यांचा थकला असेल तर ते मालकाच्या पैशाच्या तंगीचं लक्षण आहे. तुमचं डिपॉझिट त्याच माणसाकडे जाणार आहे.

६. पैशाची बोलणी

टोकन द्याल तेव्हा लगेच मेसेज करा. साधाच:

‘काका, आज ५,००० रुपये टोकन पाठवले. भाडं २५,०००, डिपॉझिट १ लाख, मेंटेनन्स तुमच्याकडे, ताबा १ तारखेला. करार झाला नाही तर टोकन परत, असं आपलं ठरलं आहे.’

काकांनी ‘हो’ किंवा अंगठा पाठवला की पुरे. हा मेसेज पुसू नका.

डिपॉझिट इथे साधारण दोन ते चार महिन्यांच्या भाड्याइतकं मागतात. ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, नवीन कायदा आलाय’ हा फिरणारा मेसेज केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्याबद्दल आहे. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो आणि त्यात अशी मर्यादा नाही. डिपॉझिट रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि तो व्यवहार क्रमांक करारात घाला.

‘हेवी डिपॉझिट’, म्हणजे आठ-दहा लाख एकरकमी आणि महिन्याचं भाडं शून्य. ऐकायला गोड. पण मालकाने घरावर कर्ज काढलेलं असेल आणि हप्ते थकले तर बँक घराचा ताबा घेते आणि तुमचे दहा लाख मालकाच्या इतर देण्यांच्या रांगेत उभे राहतात. मालकाला फार जवळून ओळखत असाल तरीही बँकेचा बोजा बघितल्याशिवाय यात पडू नका.

मेंटेनन्स मालकाने भरायचा, असंच ठरवा. घर भाड्याने दिल्यावर सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते तेही मालकाचंच. २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि महापालिकेचे कर त्या हिशोबात धरायचे नसतात. सेवाशुल्क १,५०० असेल तर जास्तीत जास्त १५० रुपये. सोसायटीने भाडेकरूकडे ‘डोनेशन’ मागितलं तर पावती मागा. पावती म्हटल्यावर विषय बहुधा मागे पडतो.

भाडं महिना ५०,००० रुपयांहून जास्त असेल तर टीडीएस (भाड्यातून आधीच कापायचा आयकर) भाडेकरूने कापायचा असतो, दर सध्या २ टक्के. मालक अनिवासी भारतीय असेल तर रक्कम कितीही असो, टीडीएस लागतो आणि दर बराच जास्त असतो; सीएला विचारूनच भाडं ठरवा. घरभाडे भत्त्याची सूट घेणार असाल आणि वर्षाचं भाडं १ लाखावर जात असेल तर मालकाचा पॅन लागतो. मागाहून पॅन द्यायला खळखळ करणारे मालक असतात. करारातच पॅन घातला की प्रश्न मिटतो.

७. करार आणि नोंदणी

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे तुम्हाला किमान तीन जण सांगतील. चूक आहे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला हे शेवटचं वाक्य हळूच ऐकवा. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरची नोटरी हे नोंदणीला पर्याय नाही.

तुमचाही स्वार्थ आहेच. आधारवरचा पत्ता, बँक, पासपोर्ट, मुलांचा आरटीईतला प्रवेश, सगळीकडे नोंदणीकृत करार कामी येतो.

खर्चाचा हिशोब स्वतः करा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. वरच्याच उदाहरणात:

भाडं २५,००० × ११ = २,७५,०००. डिपॉझिट १ लाखावर ११ महिन्यांचं व्याज ९,१६७. बेरीज २,८४,१६७. त्याच्या ०.२५ टक्के म्हणजे साधारण ७१० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. थोडं हाताळणी शुल्क वेगळं. म्हणजे सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास. एजंट जो आकडा सांगेल त्यातून हा वजा करा, उरलं ते त्याचं सेवाशुल्क. चलनाची प्रत मागायला विसरू नका. खर्च मालक-भाडेकरूंनी निम्मा-निम्मा करायची प्रथा आहे.

नोंदणी मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या होते: माहिती भरायची, मसुदा तयार होतो, शुल्क ऑनलाइन भरायचं, मग दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठे. दुय्यम निबंधक तपासतात आणि नोंदवलेला करार सूची २ सह मिळतो. बहुतेक जण लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येणाऱ्या माणसाला घरी बोलावतात.

तयार ठेवा: दोघांचं आधार आणि पॅन, मालमत्तेचा एक कागद, दोन साक्षीदार आणि त्यांचं आधार, आधारला जोडलेले मोबाइल.

अडकतं कुठे? आधारमध्ये बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षात नसतं. आदल्या दिवशी अ‍ॅपमध्ये उघडून ठेवा. वयस्कर मालकांचे अंगठे उमटत नाहीत. हात कोमट पाण्याने धुऊन नीट पुसायचे, नाहीच जमलं तर दुसरं बोट. पत्त्यात फ्लॅट नंबर वीज बिलावर एक आणि शेअर सर्टिफिकेटवर दुसरा असतो. सोसायटीच्या कागदावरचा घाला.

मसुदा छापील असतो आणि कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा. या ओळींवर बोट ठेवा:

लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो): सहा महिने ठीक, पूर्ण अकरा नको. आणि तो दोन्ही बाजूंना हवा.

नोटीस: एक महिना, लेखी, व्हॉट्सअ‍ॅप चालेल असं लिहून घ्या.

रंगकाम: सोडताना ‘एक महिन्याचं भाडं रंगासाठी’ अशी ओळ गुपचूप असते. घेताना घर नव्याने रंगवून दिलं नसेल तर ती काढायला लावा.

दुरुस्ती: नळाचा वॉशर, बल्ब तुमचा, गळती, वायरिंग, ड्रेनेज मालकाचं.

डिपॉझिट परतीचा दिवस: ‘सोयीनुसार’ नव्हे, ‘चावी देताना’.

वाढ: नूतनीकरणाला किती टक्के, आकड्यात. इथे ५ ते १० टक्के चालतं.

मुदत संपायच्या दीड महिना आधी नूतनीकरणाचा विषय काढा. मुदत संपूनही विनाकरार राहिलात तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट शुल्काची, म्हणजे दुप्पट भाड्याची भरपाई मागता येते. मालक चांगला असला तरी त्याचा मुलगा तसाच असेल असं नाही.

८. पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला द्यायची, हेही काम मालकाचं. राज्य पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर ते ऑनलाइन होतं. तुमचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, नोकरीचं ठिकाण आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांचे नंबर लागतात. फॉर्म स्वतः भरता येतो. पोच पावती छापून ठेवा, सोसायटी मागते.

आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आगाऊ लेखी कळवायचं आणि कराराची व पोलिसांकडच्या माहितीची प्रत द्यायची. प्रत्यक्षात मात्र तुम्ही जाऊन सेक्रेटरींना भेटाच. ‘नमस्कार, दुसऱ्या मजल्यावर अमुक काकांकडे येतोय’ एवढं पुरतं. टेम्पो कोणत्या वेळी आणायचा, कचरा ओला-सुका कधी द्यायचा, पार्किंग मिळणार का, हे तिथेच कळतं. पार्किंग आधी सभासदांना, उरलं तर भाडेकरूंना. रस्त्यावर लावणार असाल तर पी-१, पी-२ चे सम-विषम तारखांचे फलक वाचायची सवय लावा. आणि पावसाळ्यात जुन्या झाडाखाली गाडी लावणार असाल तर विमा सर्वसमावेशक हवा. नुसत्या थर्ड पार्टीत फांदी पडल्याची भरपाई मिळत नाही.

९. ताबा घेताना

सामान यायच्या आधी, रिकाम्या घरात, सलग व्हिडिओ काढा. दारापासून सुरुवात, प्रत्येक भिंत, छत, नळ, संडासाचा फ्लश, खिडकीच्या काचा. वीज आणि गॅसच्या मीटरचा आकडा जवळून. व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवा. पंखे किती, गिझर कोणता, चाव्या किती, याची यादी कराराला जोडा.

महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आपल्या अ‍ॅपमध्ये जोडून घ्या म्हणजे मागची थकबाकी पहिल्याच दिवशी दिसते. महानगर गॅसची जोडणी असेल तर मागचं बिल भरलंय का बघा. मुख्य दाराचं कुलूप मालकाला सांगून बदला. आधीच्या भाडेकरूची कामवाली, पोळीवाली, पेपरवाला, कुणाकडे किती चाव्या गेल्या ते कुणालाच आठवत नसतं.

टेम्पो शक्यतो दुपारी दोन ते चारमध्ये आणा. गल्लीत सकाळी तो उभा राहिला की शाळेची बस अडते, आणि तुमची ओळख पहिल्या दिवशी हॉर्नच्या आवाजाने होते.

१०. घर सोडताना

नोटीस लेखी द्या, तारखेसह. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या असं परस्पर ठरवू नका, तिथेच बिनसतं. ताब्याच्या वेळचा व्हिडिओ पुन्हा उघडून मालकाबरोबर घर फिरा. मीटरचा फोटो काढा, वीज आणि गॅसची शेवटची बिलं भरून पावत्या पाठवा. डिपॉझिट खात्यात आल्याचा मेसेज दिसला की चावी हातात द्या, आणि ‘घर रिकामं मिळालं, देणं-घेणं नाही’ अशा दोन ओळींवर दोघांच्या सह्या घ्या. मुदतीआधी सोडत असाल तर करार रद्द केल्याचा कागदही करा, नाहीतर पुढच्या भाडेकरूच्या नोंदणीच्या वेळी तुम्हाला फोन येतो.

दूधवाल्याचा, पेपरवाल्याचा आणि इस्त्रीवाल्याचा हिशोब चुकता करून निघा. पुढचं घर बहुतेकांना याच दोन-तीन गल्ल्यांत हवं असतं, आणि कुणाकडे रिकामं होतंय ते इस्त्रीवाल्याला आधीच ठाऊक असतं.